विमान सहाचं, निघायचं कधी?

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. पुण्याच्या भाच्याचा फोन आला. "आत्या, बाबांना आणि तुला अंदमानला जायचंय ना? मुंबईहून सकाळी सव्वासहाचं विमान आहे, एकदम स्वस्त. काढून टाकू तिकिटं?"

मी म्हटलं, "सव्वासहाचं विमान कुठून सुटतं?"

"अगं, मुंबईहून."

"आणि मी कुठे राहते?"

पलीकडे शांतता. आता टिटवाळा म्हणजे मुंबईच, असं लग्नाच्या पत्रिकेत लिहायला ठीक आहे. कल्याण गेल्यावर शहाड, आंबिवली आणि मग आमचं स्टेशन. सहारचा विमानतळ आमच्या दारापासून रस्त्याने पंचावन्न-साठ किलोमीटर तरी असेल. सव्वासहाच्या विमानासाठी सामान द्यायची खिडकी तासभर आधी बंद होते, म्हणजे सव्वापाचला. रांगा वगैरे धरून चारच्या आत तिथे पोचायला हवं. वाटेत दुर्गाडीचा पूल, भिवंडी बायपासवरचे कंटेनर, माजिवडा. म्हणजे रात्री दीडला घर सोडायचं. ज्याला आपण 'सकाळचं विमान' म्हणतो ते आमच्याकडे आदल्या रात्रीचं जागरण असतं. शाळेत भूगोल शिकवताना मी मुलांना सांगत असे, नकाशात अंतर मोजायच्या आधी आपण कुठे उभे आहोत तिथे ठिपका द्या. विमानाचं तिकीट काढणारी आजची हुशार मुलं नेमका तोच ठिपका द्यायला विसरतात.

हे मी उगाच म्हातारपणाची कुरकुर म्हणून लिहीत नाहीये. आम्ही एकदा याची किंमत मोजली आहे.

डिसेंबर २०१९. दादा, वहिनी आणि मी, तिघं अंदमानला निघालो होतो. दादाची ही इच्छा फार जुनी. आमचं बालपण नाशिकचं, भगूर तिथून हाकेच्या अंतरावर, आणि सावरकर बंधूंच्या गोष्टी आम्ही जेवणाच्या पंगतीत ऐकलेल्या. सेल्युलर जेल बघायचं, असं दादा नोकरीत असल्यापासून म्हणत होता. पण पोस्टातली नोकरी, तीन बहिणींची लग्नं, घराचे हप्ते. राहून गेलं. शेवटी भाच्याने मनावर घेतलं आणि तिकिटं काढली. मुंबई-चेन्नई एका कंपनीचं, चेन्नई-पोर्ट ब्लेअर दुसऱ्या कंपनीचं. दोन वेगळी तिकिटं. असं केल्याने तिघांचे मिळून साडेचार हजार वाचले, हे त्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं. मध्ये पावणेदोन तास होते. आम्हाला वाटलं, भरपूर झाले. कल्याणला गाडी बदलायला पाच मिनिटं पुरतात!

रात्री साडेबाराला जीप आली. वहिनीला गाडी लागायची, तिने भिवंडीपासूनच लिंबू नाकाला लावलेलं. विमानतळावर तीनपासून बसलो. आणि पहिलं विमान दीड तास उशिरा सुटलं.

पुढचं सांगायला नकोच. चेन्नईला उतरून सामानाचा पट्टा, सामान घेऊन बाहेर, पुन्हा आत, पुन्हा रांग. दुसऱ्या कंपनीच्या खिडकीवरची मुलगी नम्रपणे म्हणाली, विमान गेलं. तुमचं पहिलं विमान उशिरा आलं ते आमच्या हिशेबात येत नाही. तिचं बरोबरच होतं. तिच्या लेखी आम्ही न आलेले प्रवासी. नाताळचे दिवस, पुढच्या दोन दिवसांची विमानं भरलेली, आणि ज्यात जागा होत्या त्यांचं भाडं ऐकून दादा खुर्चीतच बसला. तिथलं हॉटेल आणि बोटींची तिकिटं पाच दिवसांची, ती एकेक करून फुकट जायला लागलेली. वहिनीने डबा उघडून दशम्या वाटल्या. म्हणाली, "अहो, पुढच्या वर्षी जाऊ. जेल काय पळून जातंय?"

दुसऱ्या दिवशी परत आलो. पुढचं वर्ष २०२०. मार्चमध्ये विमानंच बंद झाली. २०२१ च्या पावसाळ्यात वहिनी गेली.

दादाने मुलाला एका शब्दाने कधी बोल लावला नाही. पण भाच्याच्या मनात ते राहिलं असावं, कारण नंतर तीन-चार वर्षं त्याने अंदमानचा विषयच काढला नाही. मी काढला की म्हणायचा, "आत्या, बाबांना आता झेपणार नाही. ब्याऐंशी वय आहे."

इथे माझा वाद आहे. झेपत नाही म्हणजे नेमकं काय झेपत नाही? विमानात दोन-सव्वादोन तास खुर्चीत बसणं ब्याऐंशीच्या माणसाला सहज झेपतं. घरी तो टीव्हीसमोर चार तास बसतो. झेपत नाही ते दोन विमानांमधलं धावणं, रात्रीचं जागरण, स्टेशनातले जिने. म्हणजे जो प्रवास तिकिटावर छापलेलाच नसतो, तो. मुलं तो प्रवास आखत नाहीत आणि मग दोष वयाला देतात. माझं स्पष्ट मत आहे की म्हातारी माणसं घरी बसतात ती निम्म्या वेळा गुडघ्यांमुळे नव्हे, वाईट आखणीमुळे.

शिवाय सेल्युलर जेलमध्ये जिने आहेत. सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या, तिसऱ्या मजल्यावर. दादाच्या गुडघ्यांत जेवढे जिने शिल्लक आहेत ते तिथे खर्चायचे, घाटकोपरच्या पुलावर नाहीत, असं मी ठरवलं. सगळी आखणी मग त्या एका हिशेबाने केली.

यावेळी आधी कालनिर्णय उघडलं. भाच्याने पहिली तारीख सुचवली ती ६ जानेवारी. मंगळवार आणि संकष्टी, म्हणजे अंगारकी! टिटवाळ्याला राहणाऱ्याने अंगारकीला सामान घेऊन घराबाहेर पडू नये. पहाटेपासून महागणपतीच्या दर्शनाला माणसं लोटतात, स्टेशनबाहेर रिक्षा हलत नाही आणि परतीची गर्दी आपल्याच गाडीत चढते. देवाची गर्दी आहे, तक्रार नाही, पण त्या दिवशी आपण कशाला? दुसरी तारीख निघाली १३. तर १५ जानेवारीला महापालिकेचं मतदान जाहीर झालं. आयुष्यभर मतदान केंद्रांवर ड्यूटी केलेली बाई मी, बोटाला शाई न लावता समुद्रकिनाऱ्यावर जाऊन बसणार? नाही म्हटलं. भाचा वैतागला. शेवटी ३ फेब्रुवारी ठरली, आणि २ तारखेला, म्हणजे सोमवारी, घर सोडायचं.

सोमवारच का? रविवारी मेगाब्लॉक असतो म्हणून. आणि सोमवारी दुपारी मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांत हातपाय पसरून बसता येतं. पावसाळ्याचा तर प्रश्नच नव्हता. पावसाळ्यात आमच्याकडून विमान गाठायचं म्हणजे जुगार. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती आणि हजारावर प्रवाशांना बोटीतून काढावं लागलं होतं, ते आठवत असेल. आमची काळू नदीसुद्धा काही कमी नाही.

तर तिकीट. यावेळी एकच तिकीट, एकाच नोंदणी क्रमांकावर दोन्ही विमानं. सामान टिटवाळ्याच्या पोरीने मुंबईत सोपवायचं आणि पोर्ट ब्लेअरला उचलायचं. मधे चेन्नईला पावणेतीन तास. पहिलं विमान उशिरा आलं तर पुढे पोचवण्याची जबाबदारी कंपनीची. हे एवढं एक वाक्य समजायला आम्हाला साडेचार हजार वाचवून दीड लाख घालवावे लागले. जरा महाग पडलं तिकीट. पडू दे. विमानं बंद पडायची ती पडतातच. गेल्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात देशभर हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा एक तिकीट असून लोक विमानतळावर झोपले होते. पण निदान कोणाच्या दारात जाऊन भांडायचं ते त्यांना माहीत होतं!

आता सकाळीच जायचा हट्ट कशाला, दुपारचं विमान घ्या, असं कोणी म्हणेल. इथे पुन्हा भूगोल येतो. आपलं सगळ्यांचं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं. टिटवाळा त्र्याहत्तरच्या आसपास, पोर्ट ब्लेअर ब्याण्णवच्या पुढे. फेब्रुवारीच्या सुरुवातीला आमच्याकडे सूर्य साडेसहाला मावळतो, तिकडे सव्वापाच-साडेपाचलाच अंधार पडायला लागतो. त्यातून तिथला विमानतळ नौदलाच्या तळाचा भाग, बरीच वर्षं तिथे विमानं दिवसाउजेडीच उतरायची आणि अजूनही बहुतेक सकाळ-दुपारचीच असतात. म्हणून इकडून निघायचं ते पहाटे. हा नियम बदलणं माझ्या हातात नव्हतं. हातात होतं ते एवढंच, की ती पहाट टिटवाळ्यात उजाडू द्यायची नाही.

म्हणून मरोळला विमानतळाजवळ एका साध्या लॉजवर एक रात्र काढायची ठरवली. यावर घरात जे रामायण झालं! "दोन तासांवर घर असताना हॉटेलात झोपायचं?" हे दादाचं. त्याच्या पिढीत (म्हणजे माझ्याच) घर सोडून पैसे देऊन झोपणं हा उधळेपणा. मी त्याला बत्तीसशे रुपये आणि रात्रीच्या जीपचे अठराशे, असा कागदावर हिशेब मांडून दाखवला. फरक चौदाशेचा. चौदाशे रुपयांत एक अख्खी झोप. पोस्टातला माणूस, हिशेब पटल्यावर सही केली!

भाच्याने नवी मुंबई विमानतळाचंही सुचवलं. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं सुरू झाली आहेत. नकाशावर पाहिलं तर आमच्यापासून अंतर जवळपास तेवढंच. ठाण्याला गाडी बदलून ट्रान्सहार्बरने पनवेलच्या बाजूला जाता येतं, किंवा रस्त्याने शिळफाटा-तळोजा. शिळफाट्याबद्दल मी काही बोलत नाही, ज्यांनी भोगलंय त्यांना कळेल. पण एक सावधगिरीची गोष्ट सांगते. तिकीट शोधताना 'मुंबई' लिहिलं की आता दोन्ही विमानतळ एकाच यादीत येतात. जाताना सहार आणि येताना उलवे असं तिकीट हातात पडू शकतं. आमचं पडलं असतं. मी चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली म्हणून वाचलो. सहारला जायचं असेल तरी टी-१ की टी-२ ते बघून घ्या, दोन्ही एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर नाहीत.

आणि व्हीलचेअर. हा सगळ्यात नाजूक विषय. तिकीट काढतानाच सांगितली तर कंपनी देते. दादा म्हणाला, "मी काय आजारी आहे?" दोन दिवस बोलला नाही. मग मी दोन मागवल्या, एक माझ्यासाठी. धाकटी बहीण बसणार म्हटल्यावर तो मुकाट बसला. (माझे गुडघे चांगले आहेत. पण टी-२ मधली ती लांबच लांब गालिच्यांची वाट बघितलीत, तर तुम्हीही बसाल.)

२ तारखेला जेवून दुपारी निघालो. टिटवाळ्याहून घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका. नव्या भुयारी मेट्रोमुळे मरोळ नाक्याहून पुढचंच स्टेशन टी-२. अख्खा प्रवास रुळांवरून, एकही ट्रॅफिक नाही. मला याचं फार अप्रूप वाटलं. माझ्या नोकरीच्या काळात कोणी सांगितलं असतं की टिटवाळ्याहून विमानतळापर्यंत आगगाडीने जाशील, तर हसले असते. पण या सोयीचाही ठिपका कुठे आहे ते बघा. मेट्रो सुरू होते सकाळी सहाच्या आसपास. सव्वासहाच्या विमानाला तिचा काडीचा उपयोग नाही. आदल्या दिवशी जाणाऱ्यालाच ती पावते. घाटकोपरला सरकता जिना आहे, पण गर्दी अशी की सरकत्या जिन्यावर आपण सरकत नाही, लोक आपल्याला सरकवतात. दादाने एका हातात माझा दंड आणि दुसऱ्यात पिशवी धरली होती. तेवढा एकच वाईट भाग.

रात्री साडेआठला झोपलो. पावणेतीनला उठलो, साडेतीनला लॉजच्या गाडीने दहा मिनिटांत विमानतळ. वहिनीचं लिंबू आठवलं.

पुढचं प्रवासवर्णन मी लिहीत नाही, अंदमानची वर्णनं पुष्कळ आहेत. दोनच गोष्टी सांगते. हॅवलॉकला (आता स्वराज द्वीप, २०१८ पासून) गेलो तेव्हा परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच बोटीने पोर्ट ब्लेअरला आलो. पोर्ट ब्लेअरचंही नाव २०२४ मध्ये श्री विजय पुरम झालं, पण जिभेला अजून सवय नाही. सकाळी बोट आणि दुपारी विमान अशी आखणी बरेच जण करतात. समुद्र खवळला आणि बोट रद्द झाली की संपलं. जर्मनीतली माझी भाची एकदा ग्रीसच्या बेटांवर गेली होती, तिची हीच गत झाली. तिथे उन्हाळ्यात मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो, आणि तो फार वाढला की बोटी बंदरातून सोडतच नाहीत. ती बेटावर बसली आणि अथेन्सहून तिचं विमान उडून गेलं. बेट कुठलंही असो, शेवटची रात्र विमानतळ असलेल्या गावात काढावी.

दुसरी गोष्ट जेलची. १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत बांधलेलं, मधल्या मनोऱ्यातून सात हात निघालेले. आज त्यातले तीनच उभे आहेत. आम्ही तिथे पोचलो त्या दिवशी तिकडे गेलोच नाही. सूर्य मावळत आलेला, दादा दमलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडताच आत. दादा एकेक पायरी, प्रत्येक वळणावर कठड्याला टेकून, वीस-बावीस मिनिटांत वर पोचला. भाच्याला दाखवायला म्हणून मी व्हिडिओ काढणार होते, काढला नाही. सावरकरांना ४ जुलै १९११ ला इथे आणलं तेव्हा त्यांचे थोरले भाऊ बाबाराव आधीपासून याच तुरुंगात होते. एकाच इमारतीत दोन भाऊ, आणि भेट नाही. दादा त्या कोठडीत बराच वेळ उभा राहिला. भिंतीवरच्या झरोक्याकडे बघत होता. मी बाहेर थांबले.

खाली उतरल्यावर बाकावर बसून पाणी प्याला आणि म्हणाला, "हिला हे जिने जमले नसते."

मला वाटतं जमले असते. दादा चढला तेवढ्या सावकाश ती पण चढली असती. पण मी बोलले नाही.

आता माझी चूक सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई स्वतःचीच पाठ थोपटतायत. जाताना एवढी आखणी केली, आणि येतानाची केलीच नाही. ९ तारखेला सोमवारी रात्री पावणेनऊला मुंबईत उतरलो. माझ्या डोक्यात, आता काय, घरीच तर जायचंय! भाचा पुण्याहून गाडी घेऊन येतो म्हणत होता, त्याला मी नको म्हटलेलं. मेट्रो होती, लोकल होती. पण सामान आणि सात दिवसांचा शीण घेऊन घाटकोपरला त्या वेळच्या गाडीत दादाला चढवायची माझी हिंमत झाली नाही. टॅक्सी बघितली. पहिला म्हणाला, टिटवाळा? नाही जाणार. दुसरा म्हणाला, कल्याणपर्यंत सोडतो. तिसऱ्याने टिटवाळा म्हणजे काय ते विचारलं. फोनवरून बोलावलेल्या दोन गाड्या ठिकाण कळल्यावर आपोआप रद्द झाल्या. चौथा कबूल झाला, परतीचं भाडंही आमच्याकडूनच घेऊन. भिवंडीला कंटेनर बंद पडलेला. घरी पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते, आणि दादा मागच्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपलेला.

भाच्याने सकाळी फोनवर सगळं ऐकून घेतलं. मी वाट बघत होते की आता म्हणेल, 'बघ, म्हणत नव्हतो.' त्याने विचारलं, "बाबा वर चढले?"

म्हटलं, चढले.

"एकटे?"

"मी होते मागे."

मग तो थोडा वेळ गप्प राहिला, आणि म्हणाला, पुढच्या वेळी येतानाची रात्रसुद्धा मरोळलाच काढा, पैसे मी देतो. दादाला हे सांगितलं तर तो म्हणतो, पुढच्या वेळी बोटीने जाऊ. चेन्नईहून तीन दिवस लागतात म्हणे, पण कुठे बदलायला लागत नाही!